कोईच्या हौदाचं पाणी, मीठ अन् औषधं : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला अन् कोई या शोभेच्या रंगीत माशांबद्दलची पत्रं एकदम वाढली. अंगणात हौद बांधून कोई पाळणारी माणसं आता आपल्याकडं तालुक्याच्या गावातसुद्धा झालीत, ही आनंदाचीच गोष्ट. पण जवळपास प्रत्येक पत्रात विचारलंय की कोणतं औषध टाकू, अन् पाणी कुठून आणता, किती दिवसांनी बदलता, तपासलं का, याबद्दल एक ओळ नाही. मराठवाड्यात कोई आजारी पडतात त्यात सुरुवात बहुतेक वेळा पाण्यातूनच झालेली असते, म्हणून खालची उत्तरं वाचताना औषधाच्या नावाआधी पाण्याचं काय लिहिलंय ते वाचा.

प्रश्न : सर, घरासमोर ८ बाय ५ चा अन् ३ फूट खोल हौद आहे, त्यात मोठ्या ९ कोई होत्या. पाणी लई कमी झालं म्हणून टँकर बोलावला अन् पाइप सरळ हौदात सोडला. तासाभरात मासे वेड्यासारखे पळायला लागले, वर येऊन तोंड उघडायला लागले अन् रात्रीपर्यंत ५ मेले. शेजारचे म्हणायलेत ऑक्सिजन कमी पडला. राहिलेल्यांना काय देऊ? – एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, ऑक्सिजन कमी पडला असता तर मासे पहाटे वर आले असते, टँकर रिकामा झाल्याबरोबर नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे क्लोरीनचं काम वाटतंय. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात, माणसांच्या पिण्यासाठी ती लागतेच, पण ते क्लोरीन माशाचे कल्ले भाजून काढतं अन् कल्ले भाजले की पाण्यात कितीही हवा सोडा, माशाला ती घेता येत नाही. नळाच्या पाण्याचंही तेच, संभाजीनगरसारखं आठ-आठ दिवसांनी नळ येतो तिथं लोक पाणी आलं की एकदम सगळा हौद भरून घेतात, म्हणजे क्लोरीनही एकदम जातं.

आता लगेच करायचं ते असं. एअर पंप फुल चालू ठेवा, दोन दिवस खाणं पूर्ण बंद, अन् सोडियम थायोसल्फेट आणा, मत्स्यबीजवाले अन् ॲक्वेरियमवाले त्याला हायपो म्हणतात. साधारण १००० लिटरला १० ग्रॅम, बादलीत विरघळवून सगळीकडं फिरवून टाका. तुमच्या हौदाचं माप काढायचं तर लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली फुटात, अन् त्याला २८.३ नं गुणा, म्हणजे तुमचे ३४०० लिटर होतात, तर हायपो ३५ ग्रॅमच्या आसपास. टीसीएल जास्त पडलेलं असेल तर तेवढ्यानं भागणार नाही, हिशोब असा की १ ग्रॅम क्लोरीन मारायला ७ ग्रॅम हायपो लागतो. क्लोरीन आहे का नाही हे बघायला गावातले जलसुरक्षक जी ओटी टेस्ट करतात ना, पाणी पिवळं होतं ती, तीच करा. पुढच्या वेळेस पाणी आधी वेगळ्या टाकीत घ्या, हायपो टाका किंवा दिवसभर हवा सोडून उडू द्या, मग हौदात घ्या, अन् एका वेळेला हौदाच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्या क्लोरीननं तुमच्या फिल्टरमधले जिवाणूपण मेलेले असणार. माशाच्या लघवी-विष्ठेतून अन् कल्ल्यातून जो अमोनिया निघतो त्याचं आधी नायट्राइट अन् मग नायट्रेट हेच जिवाणू करतात, अन् नवीन वसायला त्यांना ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे राहिलेले ४ मासे आज वाचले तरी पुढच्या आठवड्यात अमोनियानं जाऊ शकतात. तेव्हा अमोनिया अन् नायट्राइटचं थेंबांचं किट घ्या अन् रोज बघा, दोन्ही शून्य पाहिजेत. नायट्राइट दिसलं तर १००० लिटरला १ किलो मीठ टाका, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. अन् ३४०० लिटरमध्ये मोठ्या ९ कोई जास्तच होतात, मोठ्या एका कोईला १००० लिटर धरून चला, त्यामुळं आता नवीन आणायची घाई करू नका.

प्रश्न : दादा, आमचा हौद दिवसभर उन्हात आहे, पाणी हिरवंगार झालंय. टीडीएसचं मीटर आहे आमच्याकडं, त्यात पाणी बरोबर दाखवतंय. तरी मासे रोज सकाळी उठून बघावं तर वर तोंड काढून असतात, अन् दहा वाजेपर्यंत आपोआप ठीक होतात. दुपारचं टेंपरेचर ४२ पर्यंत जायलंय. – एक वाचक, हिंगोली

उत्तर : ताई, टीडीएस मीटर घरोघरी आलंय ते आरओमुळं, पण ते पाण्यात क्षार किती हे सांगतं, अमोनिया किती, ऑक्सिजन किती हे त्याला कळत नाही. त्याच्यावर विसंबून पाणी चांगलंय असं ठरवू नका.

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं अन् रात्री माशांबरोबर तेही ऑक्सिजन ओढतं, म्हणून पहाटे सगळ्यात कमी. त्यात गरम पाणी मुळात कमी ऑक्सिजन धरतं, २० डिग्रीला लिटरमागं ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० डिग्रीला साडेसातच. हवा सोडणारा पंप रात्री बंद करतात बरेच जण, आवाज येतो म्हणून, खरं तर तो रात्रीच लागतो. लाइट जाते तिथं बॅटरीवर चालणारा डीसी पंप ठेवाच, भारनियमनात एका रात्रीत हौद रिकामा झालेला लई जणांनी बघितलाय. ठिबकच्या दुकानात खत सोडायचं व्हेंचुरी मिळतं, नवं कोरं घेऊन मोटरच्या पाइपला लावलं तर पाण्याबरोबर भरपूर हवा ओढतं, पण वापरलेलं शेतातलं उचलून आणू नका, त्यात खत-औषध राहिलेलं असतं.

हिरव्या पाण्याचा दुसरा त्रास जास्त वाईट आहे. शेवाळामुळं दुपारी पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकलंय का क्षाराकडं याचं माप, चढतो, साडेआठच्या वरसुद्धा जातो, अन् पीएच अन् गरमी दोन्ही वाढली की त्याच अमोनियाचं विष वाढतं. पाणी २५ डिग्री अन् पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का सुद्धा जेमतेम विषारी रूपात असतो, अन् ३० डिग्रीला पीएच साडेआठ असेल तर जवळपास पाचवा हिस्सा. म्हणून कोकणात किंवा पुण्याला चालून जातो तेवढा अमोनिया आपल्याकडं मे महिन्यात चालत नाही, किटमध्ये थोडासा रंग आला तरी पाणी बदला. टेस्ट सकाळी एक अन् दुपारी चारला एक अशी दोनदा करा, फरक तुम्हालाच दिसेल.

उपाय शेडनेटचा, ५० किंवा ७५ टक्क्यांची जाळी हौदावर बांधा, पाणीही थंड राहतं अन् शेवाळही कमी होतं. खाणं सकाळी हवा चालू असताना थोडं, दुपारी नाही. अन् कृपा करून मोरचूद टाकू नका, कुणीतरी सांगेल, द्राक्षवाले तर हमखास सांगतात, त्यानं शेवाळ मरतं खरं पण तांबं माशालाही मारतं अन् एकदम मेलेलं शेवाळ सडून उरलासुरला ऑक्सिजन खातं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवयही हौदात नको, तुरटीनं पाण्याचा अल्क, म्हणजे पीएच सांभाळून धरणारी अल्कलिनिटी, कमी होतो अन् पीएच खाली येतो.

प्रश्न : दादा, मी बारावीला आहे, १००० लिटरच्या टाकीत ४ लहान कोई पाळल्यात. मागच्या आठवड्यात अवकाळी झाला, गारा पडल्या, अन् चार दिवसांनी सगळ्यांच्या अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके आले. भिंतीला अंग घासायलेत. मीठ टाक म्हणतात, पण किती टाकू? – एक वाचक, परभणी

उत्तर : तुझं निरीक्षण छान आहे, गारा अन् ठिपके यांचा संबंध तू बरोबर जोडलास. गरम पाणी एका तासात थंड झालं की माशाची ताकद पडते अन् पाण्यात आधीपासून थोडा असलेला परजीवी उसळतो. याला व्हाइट स्पॉट किंवा इच म्हणतात. फक्त एक बघून घे, मोठ्या नर कोईला विणीच्या दिवसात कल्ल्यांच्या झाकणावर अन् पुढच्या परांवर बारीक खरखरीत पांढरे दाणे येतात, तो आजार नसतो. तुझे मासे लहान आहेत, सगळ्या अंगावर ठिपके आहेत अन् अंग घासतात, म्हणजे इचच.

आता नीट समजून घे, म्हणजे मीठ का अन् किती दिवस हे कळेल. ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला किडा, तिथं त्याला औषध लागत नाही. तो पिकला की गळून तळाला जातो, तिथं फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात, अन् ती दोन दिवसांच्या आत मासा शोधतात, नाहीतर मरतात. औषध या पोहणाऱ्या पिल्लांनाच लागतं. म्हणून ठिपके गेले की मीठ काढून टाकलं असं केलं तर आठ दिवसांनी दुप्पट येतात.

खडे मीठ घे, किराणा दुकानात मिळतं ते. १००० लिटरला एकूण ३ किलो, पण एकदम नाही, १ किलो बादलीत विरघळवून टाक, बारा तासांनी दुसरा किलो, अजून बारा तासांनी तिसरा. मासा आडवा व्हायला लागला तर लगेच साधं पाणी घाल. दोन आठवडे हे मीठ राहू दे. पाणी उन्हानं आटलं तर फक्त पाणी भर, कारण मीठ उडून जात नाही, अन् २०० लिटर पाणी बदललं तर तेवढ्याचंच ६०० ग्रॅम मीठ परत टाक. टाकीत कमळ, जलकुंभी असेल तर आधी बाहेर काढ, या मिठात ती टिकत नाहीत. अन् फिल्टरमध्ये झिओलाइटचे दगड असतील तर मीठ टाकायच्या आधी काढच, मिठाच्या पाण्यात ते धरून ठेवलेला सगळा अमोनिया परत सोडून देतात. तळ रोज पाइपनं ओढून घे, किड्याची फुटायची जागा तीच.

मिठानं नाही भागलं तर बाजारात फॉर्मेलिन-मॅलाकाइट ग्रीनचं औषध मिळतं. ते तू एकट्यानं वापरू नकोस, घरातलं मोठं कुणीतरी सोबत घे, हातमोजे घालून वापरायचं असतं, अन् ज्या पाण्यात खायचे मासे आहेत तिथं तर ते चालतच नाही.

प्रश्न : बोअरचं पाणी जड म्हणून आम्ही कोईला आरओचं जार आणून पाणी टाकतो. तरी मासे सुस्त. – एक वाचक, धाराशिव

उत्तर : पैसे घालवून त्रास वाढवलाय. कोईला आपलं जड पाणी चालतं, उलट त्यातल्या कार्बोनेटमुळं पीएच एका जागी राहतो. आरओच्या पाण्यात ते उरतच नाही, मग फिल्टरमधले जिवाणू आम्ल तयार करत जातात अन् एखाद्या दिवशी पीएच धाडकन खाली येतो. बोअरचंच पाणी वापरा, फक्त पाचशे-सहाशे फुटांवरून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन नसल्यासारखाच असतो अन् नको ते वायू असतात, म्हणून आधी टाकीत घेऊन, शॉवरसारखं उंचावरून पाडून, हवा देऊन मग सोडा. आत्ता आरओचं जे भरलंय त्यात खायचा सोडा टाकता येईल, १००० लिटरला १७ ग्रॅम टाकला की अल्क साधारण १० मिलिग्रॅमनं वाढतो, रोज थोडा थोडा, ८० ते १०० पर्यंत न्या.

प्रश्न : नमस्कार. कोईच्या अंगावर चपटे गोल किडे चिकटलेत, हलतात सुद्धा. दोन माशांना दोऱ्यासारखं काहीतरी लोंबतंय, मुळाशी लाल झालंय. आमच्या भाच्याचं म्हणणं कपाशीवर मारायचं औषध झाकणभर टाका, किडा आहे तर किडा मरेल. टाकू का? – एक वाचक, जालना

उत्तर : नको. काका, अजिबात नको, अन् हे पत्र छापायच्या आधीच तुम्ही टाकलं नसावं अशी आशा करतो. कपाशीवरची बरीच औषधं, विशेषतः सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या जातीची, माशाला इतकी कडक आहेत की हजार लिटरमध्ये ग्रॅमचा छोटा अंशसुद्धा पुरतो. झाकणभर म्हणजे हौद संपला. फवारणीच्या पंपानं हौद धुणं, फवारणीची बादली हौदात बुडवणं, वाऱ्यावर शेजारच्या शेतातली फवारणी हौदावर येणं, यानंही मासे गेलेत, म्हणून फवारणीच्या दिवसात हौद झाकून ठेवत जा.

तुम्ही सांगताय तो चपटा किडा म्हणजे माशाची ऊ, अर्गुलस, अन् दोरा म्हणजे अँकर वर्म. दोन्ही कवचाच्या जातीचे जीव, नदी-तलावातल्या माशांवर असतातच. तुमच्याकडं आले कसे हे आठवून बघा, बऱ्याचदा डासांसाठी नाल्यातून आणलेले गप्पी मासे किंवा तलावातून आणलेली झाडं हे कारण असतं.

मोजक्याच माशांवर असतील तर हातानं काढा. मासा ओल्या टॉवेलवर घ्या, डोळे झाका, अँकर वर्म चिमट्यानं मुळाशी धरून हळू ओढा, तुटला तर आतला भाग सडतो. जागेवर बेटाडीन कापसानं लावा, कल्ल्यात जाऊ देऊ नका, अन् मिनिटाच्या आत पाण्यात परत. ऊ तर बोटानंही निघते. पण एवढ्यावर थांबलात तर परत येणार, कारण उवेची मादी भिंतीवर अन् दगडावर अंडी चिकटवते. हौदात दोन-तीन फरशा उभ्या ठेवा, अंडी त्यावरही घातली जातात, आठवड्याला फरशा काढून कडक उन्हात वाळवायच्या. आपल्या उन्हाचा एवढा फायदा घ्याच. जास्त असतील तर डायफ्लुबेंझुरॉन नावाचं औषध आहे, ते किड्याला कात टाकू देत नाही, पण त्याचा डोस फार बारीक असतो, जनावरांच्या डॉक्टरला हौदाचं माप सांगून मगच घ्या. अन् मीठ टाकून अँकर वर्म मरत नाही, त्यात दिवस घालवू नका.

प्रश्न : एका कोईच्या पोटावर जखम झाली, खवले जाऊन लाल मांस दिसायलंय. मेडिकलमधून कॅप्सूल आणून पाण्यात फोडून टाकल्या, वर लाल पावडरपण टाकली. जखम वाढायलीय. – एक वाचक, बीड

उत्तर : कॅप्सूल पाण्यात टाकणं बंद करा. किती औषध माशाच्या अंगात गेलं याचा पत्ता नाही, अन् फिल्टरमधले जिवाणू मात्र त्यानं मरू शकतात. या जखमेत बहुतेक एरोमोनास जातीचा जिवाणू असतो, तो प्रत्येक हौदात असतोच. प्रश्न असा की त्याला वाट कुणी करून दिली. आधी अमोनिया बघा, मग परजीवी बघा, मग हौदात धारदार दगड आहे का ते बघा. डोळ्याला न दिसणारे फ्लूक नावाचे किडे कातडीवर असले की मासा अंग घासून जखम करून घेतो, ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात अन् त्याला प्राझिक्वांटेल लागतं.

लाल पावडर म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, ते चांगलं औषध आहे पण अंदाजानं टाकायचं नाही. १००० लिटरला २ ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर मोजून, अन् आपल्याकडं पीएच जास्त असतो तिथं त्याचा तपकिरी गाळ कल्ल्यावर बसतो, म्हणून मला तरी ते उन्हाळ्यात नको वाटतं. फॉर्मेलिनबरोबर तर कधीच नाही. जास्त पडलं असं वाटलं तर हायपो टाका, रंग लगेच जातो.

जखम एकदा नीट साफ करा, बेटाडीन लावा, अन् मग रोज रोज मासा पकडू नका, त्या धावपळीनं तो अजून खचतो. पाण्याला वर परभणीच्या मुलाला सांगितलंय तेवढंच मीठ, पाणी एकदम स्वच्छ. मासा खात असेल तर डॉक्टरकडून औषधाचं खाणं करून घ्या, जखमेचा नमुना तपासून कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते कळतं. परभणी अन् उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालयही आहे, तिथं चौकशी करा. एखाद्या माशाचं पोट फुगून खवले उभे राहिलेत असं दिसलं तर त्याला लगेच वेगळं काढा, त्या अवस्थेतून वाचणारे थोडेच असतात.

प्रश्न : दिवाळीनंतर बाहेरून पार्सलनं कोई मागवल्या, आल्या आल्या जुन्यांत सोडल्या. पंधरा दिवसांत नव्या ठीक अन् जुन्या मरायला लागल्या, तळाला आडव्या पडून राहतात. – एक वाचक, नांदेड

उत्तर : ताई, तुमची पत्रातली तळमळ कळतेय. नवीन ठीक अन् जुन्या आजारी हे चित्र विषाणूचंच असू शकतं. तळाला झोपल्यासारखं पडून राहणं हे कार्प एडिमा व्हायरसचं लक्षण, त्याला कोई स्लीपी डिसीज म्हणतात, भारतातल्या कोईतही तो सापडलेला आहे. तो १५ ते २५ डिग्रीच्या पाण्यात जोर करतो, म्हणजे आपल्याकडं दिवाळी ते होळी. यात ५ किलो मीठ १००० लिटरला, टप्प्याटप्प्यानं, अन् भरपूर हवा, यानं बरेच मासे उठतात. दुसरा कोई हर्पिस व्हायरस, तो १९९८ मध्ये इस्राईल अन् अमेरिकेत उघडकीला आला, १६ ते २८ डिग्रीत येतो, कल्ले पांढरे-लाल सडल्यासारखे दिसतात, डोळे खोल जातात, अन् शंभरातले ८० ते १०० मरतात. त्याला औषध नाही. जे वाचतात त्यांच्या अंगात विषाणू राहतो.

पुढच्या वेळेस नवीन मासे कमीत कमी ३ ते ४ आठवडे वेगळ्या टाकीत, पाणी २२ ते २५ डिग्रीच्या आसपास असताना ठेवा, अन् शेवटच्या दोन आठवड्यांत त्यांच्यात तुमचा एक जुना मासा सोडून बघा. जाळी, बादली, पाइप वेगळं. आत्ताचे आजारी मासे दया येऊन गोदावरीत किंवा तळ्यात सोडू नका, हर्पिसचा हा विषाणू आपल्या कॉमन कार्पलाही मारतो, लोक त्याला सायप्रिनस म्हणतात, अन् त्यावर किती भोई कुटुंबं पोट भरतात. मेलेले खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. तपासणी करायची असेल तर उदगीरला आधी फोन करून विचारा अन् शक्यतो जिवंत आजारी मासा न्या, नाहीतर नुकताच मेलेला बर्फावर ठेवून, कारण रात्रभर पाण्यात तरंगलेल्या माशातून काही कळत नाही.